३३८९ नंबरचं दार

विंडोजमध्ये रिमोट डेस्कटॉप चालू करायला मोजून अर्धा मिनिट लागतं. सेटिंग्ज उघडायच्या, सिस्टममध्ये जायचं, रिमोट डेस्कटॉप नावाची ओळ शोधायची आणि बटण इकडून तिकडे सरकवायचं. "नक्की ना?" असं विंडोज विचारतं, आपण हो म्हणायचं. झालं! आता तो कॉम्प्युटर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून वापरता येतो. (विंडोजची होम आवृत्ती असेल तर मात्र नाही. होमवरून दुसरीकडे जाता येतं, होमवर कोणाला येता येत नाही. त्यासाठी प्रो लागतं.)

आता तुम्ही म्हणाल, अर्ध्या मिनिटाच्या कामावर अख्खा लेख कशाला? तर त्या अर्ध्या मिनिटापायी माझे लागोपाठ तीन शनिवार कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये गेले, म्हणून.

कळंबोली माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे मुंबईच्या बाजूनं जिथे सुरू होतो तो आमचा भाग. एका अंगाला सिडकोच्या बिल्डिंगा, दुसऱ्या अंगाला लोखंड-पोलाद बाजार. पत्र्याचे कॉइल, सळ्या, अँगल, ते वाहणारे ट्रेलर, आणि ट्रेलर पुरवणाऱ्यांची एका खोलीची ऑफिसं. अशाच एका ऑफिसचे मालक आमच्या बिल्डिंगमध्ये राहतात. मी त्यांना काका म्हणतो, मार्केटमध्ये त्यांना शेठ म्हणतात. स्वतःच्या दोन गाड्या, बाकीच्या बाजारातून लावायच्या, असा धंदा.

काकांची आई साताऱ्याकडे गावी असते. वय ऐंशीच्या पुढे. मध्यंतरी अंगणात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण कळंबोलीला यायला ती तयार नाही. "तुमच्या त्या खुराड्यात मरायला येऊ का?" हा तिचा प्रश्न. मग काकाच आठवड्यातून दोनदा जायला-यायला लागले. गावाला असले की इकडे पार्टी फोन करते, "शेठ, मागच्या महिन्याचं भाडं किती राहिलं?" आणि तो आकडा असतो ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टॅलीत. बिल्ट्यांचे स्कॅन त्याच कॉम्प्युटरवर, कोणाला किती ॲडव्हान्स दिला तेही तिथेच.

"अरे, तू कॉम्प्युटरवालाच ना? ऑफिसचा कॉम्प्युटर मला गावाला दिसेल असं काहीतरी करून दे."

इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेल्या माणसाला प्रिंटरपासून गिझरपर्यंत सगळं दुरुस्त करता येतं असा आपल्याकडे समज आहेच. पण या वेळी मागणी माझ्याच विषयातली निघाली. पहिल्या शनिवारी गेलो, कॉम्प्युटर उघडला, सेटिंग्जमध्ये पाहिलं, तर बटण आधीच चालू!

ऑफिस सांभाळणारे जे आहेत, त्यांना सगळे भाऊ म्हणतात. भाऊंनी सांगितलं, दोन-तीन वर्षांपूर्वी एक अकाउंटंट होता, त्याला घरून टॅली बघता यावी म्हणून नेटवर्किंग करणाऱ्या एका माणसानं करून दिलं होतं. अकाउंटंट सोडून गेला. दार राहिलं. युजरनेम टॅली, आणि पासवर्ड म्हणजे ऑफिसचं नाव आणि पुढे १२३.

हे दार म्हणजे नक्की काय, ते सांगतो. रिमोट डेस्कटॉप चालू केला की कॉम्प्युटर ३३८९ नंबरच्या पोर्टवर कान देऊन बसतो. पोर्ट म्हणजे मोठ्या इमारतीतला खोली नंबर समजा. त्या नंबरवर कोणी आलं की नाव आणि पासवर्ड विचारायचा, बरोबर असेल तर आत घ्यायचं. आत घेतल्यावर इकडून स्क्रीनवर जे बदलेल तेवढं तिकडे पाठवायचं आणि तिकडचे माऊस-कीबोर्ड इकडे घ्यायचे. फक्त बदललेला भाग जातो, म्हणून टॅलीसारखा स्थिर स्क्रीन गावाकडच्या बेताच्या नेटवरही चालतो. सिनेमा बघायला गेलात तर मात्र हाल :)

ही सोय जुनी आहे. विंडोज एनटी ४ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती १९९८ची, आणि साध्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ती २००१ साली एक्सपी प्रोफेशनलबरोबर आली. मुळात ती एका छताखालच्या वापरासाठी ठीक. चौथ्या मजल्यावर बसून पहिल्या मजल्यावरचा सर्व्हर चालवायचा. तोवर दार इमारतीच्या आत आहे. गोष्ट बिघडते ती राउटरवर. राउटर बाहेरच्या कोणालाही सहसा आत येऊ देत नाही. पण "बाहेरून कोणी ३३८९ मागितलं तर या कॉम्प्युटरकडे पाठव" असं त्याला सांगता येतं, त्याला पोर्ट फॉरवर्ड म्हणतात. त्या नेटवर्किंगवाल्यानं नेमकं तेच केलं होतं, आणि त्यासाठी काका दर वर्षी वेगळे पैसे भरून स्टॅटिक आयपी घेत होते. म्हणजे इमारतीच्या आतलं दार उचलून थेट सायन-पनवेल हायवेवर लावलं, तेही पक्क्या पत्त्यासकट.

मी हे सांगितलं तेव्हा काका हसले. "अरे, आपल्याला कोण ओळखतं? आपण काय बँक आहोत?"

हा प्रश्न मी आजवर बऱ्याच जणांकडून ऐकलाय, आणि तो अगदी रास्त आहे. चोर घर बघून येतो, श्रीमंती बघून येतो, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. इंटरनेटवर तो लागू पडत नाही. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते साधारण ४३० कोटी आहेत. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं सॉफ्टवेअर प्रसिद्ध केलं. एक साधा सर्व्हर आणि एक गिगाबिटची लाइन, एवढ्यावर ते या सगळ्या पत्त्यांवर एक विशिष्ट पोर्ट उघडं आहे का हे ४५ मिनिटांच्या आत बघून येतं. ते बनवलं अभ्यासासाठी, पण हे तंत्र आता कोणाच्याही हाती आहे. म्हणजे काकांना कोणी ओळखायची गरजच नाही. एक यंत्र रात्रंदिवस जगातली प्रत्येक कडी हलवत फिरतंय. कुठलं दार बँकेचं आणि कुठलं ट्रान्सपोर्टवाल्याचं, हे त्याला आत गेल्यावर कळणार.

तरी काकांची खात्री पटेना. मग मी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला. त्यात सिक्युरिटीची नोंदवही असते. चुकीचा पासवर्ड देऊन कोणी आत यायचा प्रयत्न केला की तिथे ४६२५ नंबरची नोंद पडते. मी गाळणी लावून फक्त ४६२५ दाखवायला सांगितलं आणि माऊस काकांच्या हातात दिला.

ते खाली सरकवत राहिले. ॲडमिन, ॲडमिनिस्ट्रेटर, युजर, टेस्ट, बॅकअप, पुन्हा ॲडमिनिस्ट्रेटर. काही सेकंदांच्या अंतरानं एकेक नोंद. रात्री दोन वाजता, पहाटे चारला, दुपारी जेवणाच्या वेळेला. रविवारीसुद्धा सुट्टी नाही.

"एवढे लोक कशाला येतायत आपल्याकडे? भाडं विचारायला?" काका म्हणाले खरे, पण आवाज बदलला होता.

यातून कोणी आत शिरलं होतं का? यशस्वी प्रवेशाची नोंद वेगळी असते, ४६२४. बाहेरच्या पत्त्यावरून झालेली तशी नोंद मला सापडली नाही. पण ही नोंदवही ठरावीक आकाराची असते, भरली की जुनं पुसून नवं लिहिते. कडी हलवणारे इतके होते की चार-पाच दिवसांपलीकडचं काहीच शिल्लक नव्हतं. म्हणजे तीन वर्षांचा प्रश्न आणि पाच दिवसांचं उत्तर. अशा वेळी "बहुतेक नसेल" यावर धंद्याचा हिशेब ठेवता येत नाही. डेटा काढून घेतला, तपासला, कॉम्प्युटर कोरा केला. त्यावर विंडोज १० होतं, आणि त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलेला, त्यामुळे ११ टाकायला निमित्तही मिळालं.

सपोर्टचं एवढं काय, तर २०१९चं उदाहरण आहे. त्या वर्षी १४ मे रोजी मायक्रोसॉफ्टनं याच रिमोट डेस्कटॉपमधल्या एका भोकाची दुरुस्ती काढली. नंतर ते ब्लूकीप या नावानं गाजलं. त्यात पासवर्ड माहीत असायचीही गरज नव्हती, दारापर्यंत पोचलं की पुरे. विंडोज ७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना धोका होता. प्रकरण इतकं गंभीर, की पाच वर्षांपूर्वी, २०१४ साली सोडून दिलेल्या एक्सपीसाठीसुद्धा कंपनीनं दुरुस्ती दिली. म्हणून पासवर्ड कितीही भारी ठेवला तरी दार हायवेवर नको.

काकांना हे पटवायला मात्र दुसरीच गोष्ट उपयोगी पडली. २०१७चा जून. २७ तारखेला नॉटपेट्या नावाचा व्हायरस सुटला आणि आपल्या न्हावा-शेव्याचं गेटवे टर्मिनल्स इंडिया बंद पडलं. ते चालवणारी एपीएम टर्मिनल्स ही मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहातली. कंटेनर आहेत, क्रेन आहेत, पण कुठला कंटेनर कुठे हे सांगणारे कॉम्प्युटर बंद. काकांना ते दिवस आठवत होते, ट्रेलरवाल्यांना असं विसरता येत नाही.

आता गंमत बघा. तो व्हायरस न्हावा-शेव्यावर सोडलेलाच नव्हता. तो शिरला युक्रेनमधल्या एम. ई. डॉक नावाच्या कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तिथली टॅलीच म्हणा ना. आणि तिथून कंपन्यांच्या आतल्या नेटवर्कवर पसरला तो दोन वाटांनी. एक विंडोजमधलं भोक, आणि दुसरी वाट म्हणजे चोरलेले ॲडमिनचे पासवर्ड वापरून, दुसऱ्या कॉम्प्युटरवर दुरून कामं करायची जी साधनं आमच्यासारखे लोक रोज वापरतात तीच साधनं. रिमोट डेस्कटॉप नव्हे, पण त्याचे चुलतभाऊ. मर्स्कनं आपलं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितलं.

त्यातून मर्स्क सावरली कशी, हे अँडी ग्रीनबर्ग यांनी २०१८ साली वायर्ड मासिकात सविस्तर लिहिलंय. कंपनीत कोण कोण आहे आणि कोणाला काय उघडायची परवानगी आहे याची यादी ठेवणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते. सगळे एकमेकांची नक्कल ठेवायचे, म्हणून वेगळा बॅकअप नव्हता. सगळेच एकदम गेले. वाचला फक्त एक, घानामधला. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती! :) तिथलं नेट इतकं हळू, की शेवटी ती हार्ड डिस्क माणसाच्या हाती विमानानं नायजेरियामार्गे इंग्लंडला न्यावी लागली.

लोडशेडिंगला शिव्या देण्यात आपलं बालपण गेलं. पण या गोष्टीचं सार भाऊंना माझ्याआधी कळलं. "म्हणजे जो जोडलेला नव्हता तोच वाचला." अगदी बरोबर. कॉम्प्युटरला कायम लावून ठेवलेली बॅकअपची डिस्क म्हणजे तिजोरीच्या कडीला लटकवलेली तिजोरीची किल्ली. आता दर शनिवारी संध्याकाळी भाऊ डिस्क लावतात, नक्कल घेतात, काढतात आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवतात. वरच्या यासाठी, की कळंबोलीत जोराचा पाऊस झाला की पाणी कुठपर्यंत येईल ते सांगता येत नाही.

दुसऱ्या शनिवारी राउटरवरचं पोर्ट फॉरवर्ड काढलं. काहीजण अशा वेळी नुसता नंबर बदलतात, ३३८९च्या जागी दुसरा काहीतरी. ते म्हणजे दाराला कुलूप न लावता पाटी काढण्यासारखं. कडी हलवणारं यंत्र सगळेच नंबर हलवून बघतं. त्याऐवजी वायरगार्ड चालणारा राउटर आणून बसवला. हा एक प्रकारचा व्हीपीएन, म्हणजे गावापासून ऑफिसपर्यंत बंद बोगदा. याची मला आवडणारी गोष्ट अशी, की ओळखीची किल्ली नसलेल्या कोणी हाक मारली तर हा उत्तरच देत नाही. "चुकीचा पासवर्ड" असंही म्हणत नाही. बाहेरच्याला तिथे दार आहे हेच कळत नाही. काकांच्या लॅपटॉपला एक किल्ली, मोबाइलला दुसरी. मोबाइल हरवला तर तेवढी एक किल्ली राउटरवरून पुसायची, बाकी सगळं चालू.

बोगद्यातून आत आल्यावर मग रिमोट डेस्कटॉप. तिथे काकांचं वेगळं खातं, ॲडमिनचे अधिकार नसलेलं, लांबलचक पासवर्डचं. दहा वेळा चुकलं तर खातं दहा मिनिटं बंद. कॉम्प्युटर आपोआप झोपू नये अशी सेटिंग, आणि लाइट जाऊन आली की मशीन स्वतः चालू व्हावं अशी बायॉसमध्ये नोंद. नाहीतर शेठ गावाला आणि मशीन झोपेत.

मधे काकांच्या एका मित्रानं सुचवलं होतं, "एनीडेस्क टाक की, फुकट आहे." ते सॉफ्टवेअर वाईट नाही, मीही वापरतो. पण "बँकेतून बोलतोय, ॲप टाका आणि नंबर सांगा" म्हणणाऱ्या भामट्यांनी त्याचा इतका वापर केला, की फेब्रुवारी २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेनं त्याचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं. काकांना एवढंच सांगितलं, तुम्ही कोणाला बोलावलं तर ठीक, त्यानं तुम्हाला बोलावलं तर फोन ठेवून द्या.

तिसऱ्या शनिवारी सगळं चालू झालं आणि खरा पेच पुढे आला. तो कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही.

साध्या विंडोजवर एका वेळी एकच जण बसू शकतो. भाऊ एंट्री करतायत आणि काका गावाहून आत आले, तर भाऊंच्या स्क्रीनवर परवानगी मागणारी खिडकी येते. त्यांनी काहीच केलं नाही तर थोड्या वेळात त्यांना बाजूला करून विंडोज काकांना आत घेतं. भाऊंसमोर कुलपाचा पडदा. समोर ड्रायव्हर बिल्टीसाठी उभा, आणि इकडे अर्धी एंट्री अडकलेली. चाचणी घेताना दोनदा असं झालं. भाऊ काही बोलले नाहीत. चहा आला तेव्हा मला हळूच म्हणाले, "साहेब, एक विचारू का? शेठ आता गावाला बसून दिवसभर माझ्याकडे बघणार का?"

बावीस वर्षं त्या खुर्चीवर बसलेला माणूस हे विचारत होता. मी त्यांना यातलं तंत्र समजावलं. शेठच्या या साध्या खात्यावरून रिमोट डेस्कटॉपमध्ये तुमचा स्क्रीन चोरून बघता येत नाही. ते आत आले की तुम्ही बाहेर जाता, तुम्हाला लगेच कळतं. हे खरं होतं, पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. उत्तर काकांनी दिलं. ते म्हणाले, "भाऊ, आठ वाजता ऑफिस बंद करून तुम्ही घरी गेलात की मी उघडणार. दिवसा काही लागलं तर फोन करीन, पूर्वीसारखा."

बस्स. एका वाक्यात दोन्ही प्रश्न मिटले. एका वेळी एकच माणूस ही विंडोजची अट आणि एकमेकांवरचा विश्वास, दोन्हींना तेच वेळापत्रक लागू पडलं. असं उत्तर मला सुचलं नसतं. मी एकाच वेळी दोघांना बसवणारा सर्व्हर घ्यायचा किती खर्च येईल याचा हिशेब करत होतो.

शेवटी भाऊंनी बिल्टीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं : किल्ली १, शेठ लॅपटॉप. किल्ली २, शेठ मोबाइल. खाली रेघ, आणि रेघेखाली "कोणी सोडून गेल्यास त्याच दिवशी काढणे". मी हे सांगितलं नव्हतं, त्यांनीच घातलं. आधीच्या अकाउंटंटची आठवण असणार.

मला विचाराल तर सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची ओळ तीच. बटण चालू करायला अर्धा मिनिट लागतं हे खरंच आहे. पण कोण येणार, कुठल्या वाटेनं येणार, कधी येणार, आणि तो गेल्यावर दार कोण लावणार, ही चार उत्तरं बटण देत नाही. ती माणसांनी बसून ठरवायची असतात. ती ठरली की ही सोय फार मोठी आहे. काका आता पंधरा-पंधरा दिवस गावाला राहतात. आई वॉकर घेऊन ओसरीपर्यंत येते. रात्री जेवणं झाली की तिच्या खाटेशेजारी बसून ते लॅपटॉप उघडतात, आणि ती विचारते, "झाला का रे तुझा बाजार चालू?"

तुमच्या, मामाच्या, ओळखीच्या दुकानदाराच्या ऑफिसात टॅली घरून दिसत असेल, तर एकदा राउटरचं पान उघडून पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत ३३८९ आहे का बघा. आणि शेजारी कोणासाठी ते उघडलं होतं तेही विचारा. बऱ्याचदा तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.